प्रकाशाची दारं धरणारी चिप

ज्याने रानात एकदा तरी दारं धरली आहेत, त्याला हा लेख अर्धा आधीच कळलेला आहे. रात्री लाईट येते, मोटर सुरू होते, पाटाला पाणी येतं आणि माणूस खोरं घेऊन सरीच्या तोंडाशी उभा राहतो. एक सरी भरली की माती ओढून तिचं तोंड बंद करायचं आणि पुढचीचं फोडायचं. विहीर तीच, पाट तोच, सऱ्याही त्याच. तरी पाणी आज उसाला जातं, उद्या घासाला, परवा बांधापलीकडच्या भावकीला. रान न बदलता पाण्याची वाट बदलण्याचं हे कसब आहे.

गेल्या दहा-बारा वर्षांत सिलिकॉनच्या चिपवर प्रकाशाची अशीच दारं धरता येऊ लागली आहेत. या तंत्राला प्रोग्रॅमेबल फोटॉनिक्स म्हणतात. एकच चिप सकाळी प्रकाशातला नेमका एक रंग गाळून देते, दुपारी तीच चिप प्रकाशाचं स्विच होते, संध्याकाळी संदेशाला ठरावीक उशीर लावते आणि रात्री आकड्यांचे गुणाकार करते. चिपवरची एकही रेघ बदललेली नसते. बदललेल्या असतात त्या तिच्यावरच्या काही डझन किंवा काही शे बारीक हीटरांना दिलेल्या विजेच्या मात्रा.

हे हवं कशाला, ते आधी सांगतो. प्रकाशावर काम करणाऱ्या चिप नव्या नाहीत. पण आजवर प्रत्येक कामासाठी वेगळी चिप बनवावी लागे. आराखडा काढायचा, कारखान्यात पाठवायचा, काही महिने वाट पाहायची. चिप हातात आल्यावर कळायचं की फिल्टर हवा त्या रंगावर न बसता किंचित बाजूला बसलाय, कारण एका रेघेची रुंदी दोन-चार नॅनोमीटरने (नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग) चुकली. मग पुन्हा आराखडा आणि पुन्हा काही महिने. इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांनी हाच त्रास १९८५ मध्ये सोडवला होता. अमेरिकेतल्या झायलिंक्स कंपनीने त्या वर्षी एक्ससी-२०६४ नावाची चिप काढली. तिच्यात ६४ कोरे ठोकळे होते आणि त्यांची एकमेकांशी जोडणी ग्राहकाने स्वतः, चिप विकत घेतल्यानंतर ठरवायची होती. त्या जातीच्या चिपांना एफपीजीए म्हणतात. मोबाइलच्या टॉवरपासून इस्पितळातल्या स्कॅनरपर्यंत त्या आज सगळीकडे आहेत. प्रकाशवाल्यांनाही तेच हवं होतं: आधी चिप बनवा, काम नंतर सांगा.

प्रकाशाचा पाट

सिलिकॉनचा तुकडा हातात घेतला तर तो करडा, धातूसारखा चकचकीत दिसतो. आरपार काही दिसत नाही. पण आपल्या डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त प्रकाशाला, म्हणजे साधारण ११०० नॅनोमीटरच्या पुढच्या तरंगलांबीला, हाच सिलिकॉन काचेसारखा पारदर्शक असतो. नशीब असं की इंटरनेटच्या फायबरमधून धावणारा प्रकाश १३१० आणि १५५० नॅनोमीटरच्या आसपासचा असतो. त्यामुळे फायबरमधला प्रकाश उचलून थेट सिलिकॉनच्या वाटेवर सोडता येतो.

ही वाट, म्हणजे वेव्हगाइड, अगदी बारीक असते. साधारण ५०० नॅनोमीटर रुंद आणि २२० नॅनोमीटर उंच. माणसाच्या केसाच्या जाडीत अशा शंभरेक वाटा शेजारी शेजारी मावतील (मावतील, पण इतक्या जवळ ठेवता येत नाहीत, का ते लगेच सांगतो). वाटेच्या चहूबाजूंनी काच असते. सिलिकॉनचा अपवर्तनांक, म्हणजे पदार्थात प्रकाश किती मंदावतो त्याचं माप, ३.४८ आणि या काचेचा १.४४. हा फरक इतका मोठा आहे की प्रकाश वाटेत कोंडून राहतो आणि पाच-दहा मायक्रोमीटरच्या वळणावरही बाहेर सांडत नाही. घरातली फायबरची वायर जरा जास्त दुमडली तर इंटरनेट बोंबलतं. त्या तुलनेत ही वळणं म्हणजे घाटातली केसपिनच.

आता दोन वाटा एकमेकींच्या अगदी जवळ, दोनशे नॅनोमीटरच्या अंतरावर आणल्या तर काय होतं? कालव्याशेजारच्या विहिरीला जसा पाझर फुटतो, तसा प्रकाश एका वाटेतून दुसरीत पाझरतो. दोघी किती लांबवर शेजारून धावतात यावर किती पाझरेल ते ठरतं. लांबी नेमकी धरली की बरोबर अर्धा प्रकाश पलीकडे जातो आणि अर्धा अलीकडे राहतो. वाटा हव्या तितक्या दाटीने ठेवता येत नाहीत ते याच पाझरामुळे. पण जिथे तो हवा असतो तिथे हा फार कामाचा, कारण प्रकाशाचे दोन भाग करायला दुसरं काहीच लागत नाही.

अडचण एवढीच की ही वाटणी चिप बनतानाच कायमची ठरते. अर्धा म्हणजे अर्धाच. दार उघडं-बंद करायचं तर काही वेगळं करावं लागतं, आणि इथे पाण्याची उपमा आपल्याला सोडून जाते.

प्रकाशात प्रकाश मिसळला तर

पाण्यात पाणी मिसळलं की पाणी वाढतं. प्रकाशात प्रकाश मिसळला तर प्रकाश वाढू शकतो, तसाच अंधारही होऊ शकतो. प्रकाश ही लाट आहे. दोन लाटांचे उंचवटे एकाच वेळी आले तर बेरीज होते. एकीचा उंचवटा दुसरीच्या खळग्यावर आला तर दोन्ही मिटतात. शाळेत याला व्यतिकरण म्हणून शिकवतात आणि साबणाच्या फुग्यावरचे रंग दाखवून सोडून देतात. झोपाळ्याचं उदाहरण मला जास्त आवडतं. मूल झोक्यावर आहे आणि दोघं मिळून ढकलतायत. दोघांची वेळ जुळली तर झोका उंच जातो. एकाने पुढे ढकलताना दुसऱ्याने मागे ओढलं, तर दोघंही तितकेच दमतात आणि झोका जागेवरच राहतो. जोर तोच, फरक फक्त वेळेचा.

या वेळेच्या मागेपुढे असण्याला फेज म्हणतात. लेखातला हा एकच शब्द लक्षात ठेवायचा आहे.

आता दार बनवू. एका वाटेतून आलेला प्रकाश पाझराने अर्धा-अर्धा वाटून दोन समांतर वाटांवर सोडायचा. थोडं पुढे नेऊन त्या दोन वाटा पुन्हा शेजारी आणायच्या आणि दुसरा पाझर घडवायचा. शेवटी दोन तोंडं उरतात, वरचं आणि खालचं. दोन्ही वाटांवरचे प्रकाश बरोबरीने आले तर सगळा प्रकाश एका तोंडातून बाहेर पडतो. एका वाटेवरचा प्रकाश अर्ध्या लाटेने मागे पडला तर सगळा दुसऱ्या तोंडातून. मधल्या कुठल्याही फरकाला दोन्ही तोंडांत मधली कुठली तरी वाटणी, ७०-३० म्हणा किंवा ९९-१.

इथे पुष्कळांना प्रश्न पडतो की एका तोंडात अंधार झाला, तर तिथला प्रकाश गेला कुठे. तो नष्ट होत नाही, दुसऱ्या तोंडातून निघून जातो. एका तोंडाशी वजाबाकी होते त्याच वेळी दुसऱ्या तोंडाशी बेरीज होत असते, आणि हिशेब जुळतो.

या रचनेचं नाव माख-झेंडर इंटरफेरोमीटर. लुडविग झेंडर यांनी १८९१ मध्ये आणि लुडविग माख यांनी १८९२ मध्ये ती मांडली, तीही टेबलावर आरसे आणि अर्धपारदर्शक काचा ठेवून. हे लुडविग म्हणजे एर्न्स्ट माख यांचे चिरंजीव. विमानाचा वेग ज्या ‘मॅक’मध्ये मोजतात ते नाव वडिलांचं.

राहिला प्रश्न एका वाटेवरचा प्रकाश मागे पाडायचा कसा. उत्तर गंमत वाटावी इतकं साधं आहे: वाट तापवायची. सिलिकॉन तापला की त्याचा अपवर्तनांक किंचित वाढतो आणि प्रकाश किंचित मंदावतो. एका अंशाला फरक पडतो सुमारे ०.०००१८ इतकाच. फारच कमी वाटतो ना? पण हिशेब करा. वाट १०० मायक्रोमीटर लांब असली, म्हणजे एका मिलिमीटरचा दहावा भाग, तर एका अंशामागे प्रकाश १८ नॅनोमीटरने मागे पडतो. आपल्याला अर्धी लाट हवी, म्हणजे १५५० च्या निम्मे, ७७५ नॅनोमीटर. भागाकार केला तर चाळीस-एक अंश येतात. वाटेच्या वर धातूची बारीक पट्टी बसवून तिच्यातून काही मिलिवॅट वीज सोडली की तेवढं तापमान मिळतं. गिझरच्या कॉइलचाच हा धाकटा भाऊ. फरक एवढाच की हा काही मायक्रोसेकंदांत तापतो आणि तितक्याच वेळात निवतो.

एका दाराला असे दोन हीटर असतात. एक ठरवतो की कुठल्या तोंडाला किती प्रकाश द्यायचा. दुसरा ठरवतो की दिलेला प्रकाश किती मागेपुढे असावा. प्रमाण आणि वेळ, या दोनच खुंट्या. पुढचं सगळं याच दोन खुंट्या पिळून होतं.

दारांचं जाळं

एका दाराने फार काही होत नाही. दारं एकमेकांना जोडून जाळं केलं की खेळ सुरू होतो. १९९४ मध्ये मिखाएल रेक आणि आंतोन झायलिंगर यांनी दोन सहकाऱ्यांसह एक छोटा शोधनिबंध लिहिला. झायलिंगर हे तेच, ज्यांना पुढे २०२२ चं भौतिकीचं नोबेल मिळालं. त्यांनी दाखवलं की अशी दारं त्रिकोणात मांडली तर आत येणाऱ्या प्रकाशांचं कुठलंही, अगदी कुठलंही, मिश्रण करता येतं. अट एवढीच की एकूण प्रकाश तेवढाच राहिला पाहिजे. टेबलावर आरसे लावून हे करणं मोठं जिकिरीचं. चिप आल्यावर त्या निबंधाचं सोनं झालं. २०१६ मध्ये विल्यम क्लेमेंट्स आणि त्यांच्या ऑक्सफर्डमधल्या सहकाऱ्यांनी त्रिकोणाऐवजी आयताची मांडणी दिली. तितकीच दारं, पण जाळ्याची लांबी निम्म्यावर आली, आणि दारांना प्रकाश गळतो म्हटल्यावर लांबीला फार किंमत असते.

‘कुठलंही मिश्रण’ म्हणजे काय? घरात मसाले करताना धणे, जिरे, खोबरं, मिरची हीच सामग्री असते. एका प्रमाणात घेतली की गोडा मसाला, दुसऱ्या प्रमाणात घेतली की कांदा-लसणाच्या मसाल्याच्या जवळचं काही. चार जिन्नस आत, चार मसाले बाहेर, आणि मध्ये सोळा आकड्यांचा तक्ता: कुठल्या मसाल्यात कुठला जिन्नस किती. गणितात या तक्त्याला मॅट्रिक्स म्हणतात. दारांचं जाळं म्हणजे प्रकाशासाठीचा असा तक्ता. चार तोंडांतून प्रकाश आत सोडा, बाहेरच्या प्रत्येक तोंडातून चौघांचं ठरलेल्या प्रमाणातलं मिश्रण येईल. हीटर पिळा, तक्ता बदलेल. एकूण प्रकाश तेवढाच राहण्याची अट मोडून अगदी कुठलाही तक्ता हवा असेल तर दोन जाळी एकापुढे एक ठेवून मध्ये प्रकाश कमी करणाऱ्या दारांची एक ओळ घालतात.

आणि इथेच संगणकवाल्यांचे कान टवकारले. आजच्या कृत्रिम बुद्धिमत्तेचं पोट मॅट्रिक्सच्या गुणाकारांवर भरतं. साधा प्रोसेसर हे गुणाकार एकेक करून करतो. जाळ्यात मात्र प्रकाश या टोकाकडून त्या टोकाला पोचला की गुणाकार झालेला असतो. वेगळं काही करावं लागत नाही, आणि प्रकाशाला एक सेंटिमीटर चिप ओलांडायला सेकंदाच्या एका अब्जांश भागाचा सहावा-सातवा हिस्साही लागत नाही.

२०१७ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीच्या गटाने ५६ दारांच्या चिपवर हे करून दाखवलं. माणसांनी उच्चारलेले चार स्वर ओळखायचं साधंच काम होतं. चिपने ७६.७ टक्के बरोबर ओळखले. तेच काम साध्या संगणकाने ९१.७ टक्के केलं. शिवाय न्यूरल नेटवर्कमध्ये, म्हणजे कृत्रिम बुद्धिमत्तेच्या या गणिती जाळ्यात, गुणाकारांच्या मध्ये जी ‘इतक्याच्या वर असेल तरच पुढे जा’ प्रकारची पायरी लागते, ती प्रकाशाने केलीच नव्हती. ती संगणकावरच उरकली होती. बातम्यांमध्ये ‘प्रकाशावर चालणारा मेंदू’ असे मथळे आले. मला तो प्रयोग मोलाचा वाटतो, पण मथळ्यांमुळे नव्हे. प्रकाशाला काय जमतं आणि काय जमत नाही हे त्याने स्वच्छ दाखवलं. प्रकाश मिसळण्यात पटाईत, निर्णय घेण्यात कच्चा, आणि लक्षात ठेवण्यात तर शून्य. त्या कामातून दोन कंपन्या निघाल्या. त्यातली लाइटमॅटर आज सर्वांत जास्त ओळखली जाते ती चिपांना एकमेकींशी प्रकाशाने जोडण्याच्या कामासाठी. गणित करायला निघाले आणि वाहतुकीत स्थिरावले, असं म्हटलं तर फार चूक होणार नाही.

मधमाशीचं पोळं

आतापर्यंतच्या जाळ्यांत प्रकाश डावीकडून शिरतो आणि उजवीकडून बाहेर पडतो. मागे फिरत नाही. पण फिल्टर बनवायचा तर प्रकाशाला गोल फिरवावं लागतं.

गोल वाटेचा नियम असा: वाटेच्या परिघात ज्या रंगाच्या लाटा पूर्ण संख्येत बसतात, त्याच रंगाची फेरीगणिक बेरीज होत जाते. बाकीचे रंग स्वतःच्याच मागच्या फेरीशी भांडून मिटतात. म्हणजे गोल वाट ही रंग निवडणारी चाळणी. वाट जरा तापवली की चाळणी वेगळा रंग निवडते.

स्पेनमधल्या वॅलेन्सियाच्या तंत्रविद्यापीठात होसे कापमनी आणि दानिएल पेरेस यांनी यावर जे डोकं चालवलं, ते या विषयातलं मला सर्वांत सुंदर वाटतं. त्यांनी दारांचं जाळं मधमाशीच्या पोळ्यासारखं विणलं. षटकोनाची प्रत्येक बाजू म्हणजे एक दार. दार ‘सरळ’ ठेवलं तर प्रकाश त्याच वाटेने पुढे जातो, ‘आडवं’ ठेवलं तर शेजारच्या वाटेवर उडी मारतो, आणि मधे ठेवलं तर दोन्हीकडे वाटला जातो. एका षटकोनाच्या सहा बाजू नीट लावल्या की गोल वाट तयार. दोन षटकोन मिळून मोठी गोल वाट. गोल नकोच असेल तर दारं अशी लावायची की प्रकाश नागमोडी वाट काढत सरळ बाहेर पडेल. मग तेच पोळं आधीच्या भागातलं पुढे जाणारं जाळंही बनतं.

चौकोन आणि त्रिकोणही तपासून झाले होते. लेयमंग झुआंग आणि सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये चौकोनी जाळ्याची चिप दाखवलीही होती. वॅलेन्सियाच्या गटाचा हिशेब असा निघाला की षटकोनात कमी दारांत जास्त प्रकारच्या वाटा मिळतात. २०१७ मध्ये त्यांनी सात षटकोनांची चिप जाहीर केली. सात षटकोन पोळ्यासारखे चिकटवले की बाजू होतात ३० (४२ मधून सामाईक १२ वजा करा), म्हणजे दारं ३० आणि हीटर ६०. या एवढ्याशा पोळ्यावर त्यांनी वीसहून जास्त वेगवेगळी कामं करून दाखवली: तऱ्हेतऱ्हेचे फिल्टर, उशीर लावणाऱ्या वाटा, मिश्रणाचे तक्ते. त्यानंतर चिप बदलण्याऐवजी सॉफ्टवेअर बदलणं हे प्रकाशाच्या प्रयोगशाळेतलं रोजचं काम होऊ शकतं हे पटायला लागलं. २०१९ मध्ये याच गटातून आयप्रॉनिक्स नावाची कंपनी निघाली.

त्याआधी २०१५ मध्ये इंग्लंडमधल्या ब्रिस्टल विद्यापीठात क्वांटम प्रयोगांसाठी सहा तोंडांची चिप झाली होती, १५ दारं आणि ३० हीटर. तिच्यावर एकेका फोटॉनचे, म्हणजे प्रकाशाच्या एकेका कणाचे, जे प्रयोग करायला पूर्वी प्रत्येक वेळी नवं टेबल मांडावं लागे, ते हीटर बदलून एकामागून एक करता आले. नेदरलँड्समधल्या क्विक्स कंपनीने २०२२ पर्यंत हे वीस तोंडांवर नेलं.

खरी मारामारी कुठे आहे

तत्त्व समजायला अर्धा तास पुरतो. चिप चालवायला मात्र कस लागतो, आणि तो प्रकाशापेक्षा उष्णता सांभाळण्यात जास्त लागतो.

आयताच्या जाळ्यात दारांची संख्या तोंडांच्या वर्गाच्या पटीत वाढते. चार तोंडांना ६ दारं, आठ तोंडांना २८, चौसष्ट तोंडांना २०१६. दाराला दोन हीटर, म्हणजे चार हजारांच्या वर. प्रत्येकाला सरासरी २० मिलिवॅट धरले तर ८० वॅट झाले. नखाएवढ्या तुकड्यावर छताच्या पंख्याला लागते तेवढी वीज, आणि तीही फक्त दारं धरून ठेवायला. शिवाय उष्णता शिस्तीत राहत नाही. एक हीटर तापवला की शेजारच्या वाटेलाही ऊब लागते आणि तिचं दार किंचित सरकतं. ते सावरायला तिचा हीटर बदलला की तिसरं सरकतं. शेजाऱ्याने पाट फोडल्यावर आपल्या सरीचं पाणी कमी व्हावं, तशातली ही गत. म्हणून वाटांच्या मधे खंदक खोदतात, चिपखाली तापमान स्थिर ठेवणारी पाटी बसवतात, आणि कुठला हीटर कुणाला किती छळतो याचा तक्ता करून सॉफ्टवेअरमध्ये आधीच वजावट घालतात.

दुसरं दुखणं गळतीचं. प्रत्येक दारातून जाताना थोडा प्रकाश वाया जातो. समजा दारामागे ०.३ डेसिबल, म्हणजे शंभरातले सुमारे सात भाग गेले. दहा दारं ओलांडली की निम्मा प्रकाश उरतो. चौसष्ट तोंडांच्या जाळ्यात चौसष्ट दारं ओलांडावी लागतात, आणि शेवटी शंभरातला जेमतेम एक भाग हातात येतो. क्वांटमवाल्यांना तर हे अजिबात परवडत नाही, कारण त्यांच्याकडे मुळात फोटॉनच मोजके असतात आणि हरवलेला फोटॉन पुन्हा वाढवून घेता येत नाही.

तिसरी गोष्ट, दोन दारं कधीच सारखी जन्मत नाहीत. कारखान्यातल्या नॅनोमीटरभर चुकांमुळे प्रत्येक दाराचं ‘शून्य’ वेगळं असतं. म्हणून चिप आली की आधी एकेका दाराची ओळख करून घ्यावी लागते. स्टॅनफर्डच्या डेव्हिड मिलर यांनी २०१३ मध्ये यावर एक सुटसुटीत तोड सुचवली. दाराच्या नको असलेल्या तोंडाशी प्रकाश मोजणारा छोटा डोळा ठेवा. तिथला प्रकाश कमीत कमी होईपर्यंत खुंटी पिळा. झालं, पुढच्या दाराकडे जा. एकेक दार स्वतःला लावत जातं आणि सगळं जाळं आपोआप जुळतं, मोठी समीकरणं सोडवावी लागत नाहीत. दारं धरणारा माणूस तरी दुसरं काय करतो? सरीच्या शेवटाला पाणी पोचलं का ते बघतो आणि त्यावरून खोरं चालवतो.

शिवाय सिलिकॉनला स्वतःचा उजेड नाही. त्यातून प्रकाश वाहतो, पण निघत नाही. लेसर इंडियम फॉस्फाइडसारख्या दुसऱ्या पदार्थाचा आणून चिकटवावा लागतो, आणि फायबरचं टोक चिपच्या तोंडाशी मायक्रोमीटरच्या अचूकतेने बसवावं लागतं. हे चिकटवण्या-बसवण्याचं काम कित्येकदा चिपपेक्षा महाग पडतं.

मग उपयोग कुणाला

माझ्या मते पहिला गिऱ्हाईक रेडिओवाला. दहा गिगाहर्ट्झची रेडिओ लाट लेसरच्या प्रकाशावर स्वार केली की ती १९३ टेराहर्ट्झच्या घोड्यावर बसते. तिथून बघितलं तर पुढच्या पिढीच्या मोबाइलचे सगळे पट्टे मिळूनही चिमूटभर जागा. प्रकाशात असतानाच नको तो पट्टा गाळला, अँटेनांच्या रांगेतल्या प्रत्येकीला वेगळा उशीर लावला, की इलेक्ट्रॉनिक्सवरचा मोठा भार उतरतो. सिलिकॉनच्या एक मिलिमीटर वाटेत प्रकाशाला साधारण १४ पिकोसेकंद (पिकोसेकंद म्हणजे सेकंदाच्या अब्जांश भागाचा हजारावा हिस्सा) लागतात आणि दहा गिगाहर्ट्झची एक लाट १०० पिकोसेकंदांची असते. म्हणजे सात-आठ मिलिमीटरची जादा वाट दिली की अख्ख्या लाटेचा उशीर मिळाला. पोळ्यातली दारं बदलून ही वाट लांब-आखूड करता येते.

रेडिओ लाट प्रकाशावर बसवणं ही कल्पना आपल्याकडच्या लोकांना परकी वाटू नये. नारायणगावजवळ खोडदला जी महाकाय दुर्बीण आहे, त्या जीएमआरटीच्या ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना कित्येक किलोमीटरवर पसरल्या आहेत, आणि त्यांनी टिपलेले आकाशातले रेडिओ संकेत मधल्या इमारतीपर्यंत येतात ते फायबरमधून, लेसरच्या प्रकाशावर बसूनच. तिथली गाळणी आणि मोजणी इलेक्ट्रॉनिक्स करतं. प्रकाशात असतानाच थोडी गाळणी उरकता आली तर, हा प्रश्न वॅलेन्सियाच्या पोळ्यापासून फार दूरचा नाही.

दुसरा गिऱ्हाईक डेटा सेंटर. तिथे हजारो यंत्रं फायबरने जोडलेली असतात आणि कुणाचं कुणाशी बोलणं चालू आहे ते सारखं बदलतं. गूगलने आपल्या केंद्रांत बारीक हलत्या आरशांचे प्रकाश-स्विच बसवले आहेत. हेच काम आरशांशिवाय चिपवर करायच्या मागे बरेच जण आहेत, आणि आयप्रॉनिक्सही अलीकडे तिकडेच वळली आहे. हे काम दिसायला साधं, पण इथे गळती आणि उष्णता दोन्ही आटोक्यात राहतात, कारण प्रकाशाला नुसतं इकडून तिकडे पाठवायचं असतं.

भारतात या विषयाचं मुख्य ठिकाण आयआयटी मद्रास. केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स आणि माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाच्या मदतीने तिथे प्रोग्रॅमेबल फोटॉनिक चिपांसाठी खास केंद्र उभं आहे आणि प्राध्यापक बिजॉय कृष्ण दास त्याचं नेतृत्व करतात. अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला असलेल्या आणि ‘चिप डिझाइन’ म्हणजे फक्त ट्रान्झिस्टर असं समजणाऱ्या मुलामुलींनी हे नाव टिपून ठेवावं.

एक गोष्ट सांगायची राहिली. रात्री लाईट गेली तर शेतकरी चरफडतो, पण सऱ्यांची तोंडं जशी केली तशीच राहतात. चिपचं तसं नाही. वीज गेली की सगळे हीटर निवतात आणि प्रत्येक दार आपल्या जन्मजात वाकड्या जागेवर परत जातं. काम विसरलं, वाट विसरली. यावर उपाय म्हणून काही जण हीटरऐवजी सूक्ष्म हलणारे भाग वापरून बघतायत, ज्यांना धरून ठेवायला वीज जवळजवळ लागत नाही. काही जण वाटेवर असा पदार्थ लावतात जो एकदा तापवून निववला की काचेसारखा विस्कळीत किंवा स्फटिकासारखा शिस्तबद्ध होतो आणि वीज नसली तरी तसाच राहतो. जुन्या पुन्हा लिहिता येणाऱ्या डीव्हीडीच्या थरात याच जातीचा पदार्थ असे. फक्त त्यातले बरेचसे पदार्थ स्फटिकरूपात असताना प्रकाशाचा काही भाग स्वतःच गिळतात, आणि गळतीचा हिशेब पुन्हा पहिल्यापासून मांडावा लागतो.